राउंड संपेपर्यंत

२०२५च्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या घरी कूलरवरून भांडण झालं. नागपुरात मे महिन्यात कूलरवरून भांडण होणं म्हणजे काही बातमी नाही, घरोघरी होते, तोंड कोणाकडे करायचं, पाणी कोणी भरायचं, मोटर काहून आवाज करून राहिली वगैरे. आमचं जरा वेगळं होतं. बाबांचं म्हणणं कूलर त्यांच्या दिवाणाकडे पाहिजे, वय ७९, बाहेर ४५ डिग्री, त्यांचा हक्कच आहे. आणि पोरगा म्हणत होता कूलर मोबाइलकडे वळवा. त्याच्याकडे नाही हां, मोबाइलकडे. त्याच्या टीमची बीजीएमआयची, म्हणजे मोबाइलवरच्या पब्जीच्या भारतातल्या अवताराची, सेमी होती, आणि मोबाइल तापला की स्वतःला वाचवायला तो हळू होतो, स्क्रीन अडकायला लागते, समोरचा माणूस दिसतो तिथं नसतोच, तुमची गोळी हवेत जाते. पुण्याच्या पोरांना हा प्रॉब्लेम कधी समजणार नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, "वळव बे तिकडे, मॅच आहे न त्याची."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. कारण हे तेच बाबा होते.

१९९४. मी दहावीत. आम्ही रवी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि माझी गणिताची ट्यूशन होती बर्डीला. बर्डीलाच मुंजे चौकाच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, पार्लर म्हणजे काय, एका शटरचं दुकान, आत पाच मशिनी, एक टेबलफॅन आणि तोही मालकाच्या तोंडावर. एक रुपयाला एक टोकन. त्यात एक मशीन मुस्तफाची (त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला चाळिशी आल्यावर समजलं, अख्ख्या भारतानं त्या गेमला त्यातल्या पिवळी टोपीवाल्याच्या नावानं ओळखलं) आणि एक स्ट्रीट फायटरची. दांडा खाली, मग तिरपा, मग पुढं, आणि लगेच पंचचं बटण, की हातातून निळा गोळा सुटायचा. ते जपानी लोक काय म्हणत असतील ते म्हणोत, आम्ही आडुकेन म्हणायचो. माझ्या तळहाताला त्या दांड्यानं घट्टा पडला होता आणि आईला वाटत होतं पोरगा लिहून लिहून थकून राहिला.

तर त्या दिवशी मी ट्यूशन सोडून तिथं होतो, समोर कॉलेजातला एक दणकट पोट्टा होता, मी एक राउंड जिंकलो, त्यानं एक जिंकला, तिसऱ्यात मी हरलो. स्क्रीनवर केओ आलं, म्हणजे माझाच केओ झाला, आणि त्याच क्षणी मागून कानाखाली अशी बसली की मला आधी वाटलं मशिनीतूनच आवाज आला. मागं बाबा. पार्लरचा मालक खुर्चीवरून न उठता म्हणाला, "काकाजी, दुकानात नका मारू, बाहेर न्या." कान धरून बाहेर, सायकलच्या कॅरियरवर, आणि बर्डी ते रवी नगर एक शब्द नाही. मी परत त्या गल्लीत गेलो नाही. म्हणजे दहावी होईपर्यंत तरी नाही.

आता पुढं, २०२३चा सप्टेंबर. चीनमधल्या हांगझोऊला एशियन गेम्स चालू होते, २०२२चे, कोविडमुळं वर्षभर पुढं गेलेले. मी ऑफिसात डबा खात मोबाइलवर मेडल टॅली पाहून राहिलो होतो आणि खाली एक बातमी दिसली, दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूला गोल्ड मेडल, स्ट्रीट फायटर फाइव्हमध्ये. फायनलला तैवानच्या खेळाडूला ४-३ नं हरवलं. वय ४४. मी पण ४४. मी हातातला घास तसाच ठेवून दोनदा वाचलं. कोरियाचं ई-स्पोर्ट्समधलं, म्हणजे स्पर्धेतल्या व्हिडिओ गेममधलं, ते पहिलं एशियाड गोल्ड, आणि ते कोणा अठरा वर्षाच्या पोट्ट्यानं नाही, माझ्या वयाच्या, माझ्यासारखंच पार्लरमध्ये एका एका टोकनवर वाढलेल्या माणसानं आणलं. त्यानं पत्रकारांना हेही सांगितलं की आमच्या काळात हा गेम चांगला खेळता येणं काही कौतुकाचं नव्हतं, पोरांना पार्लरमधून ओढून नेत. ओढून नेत! म्हणजे तिकडं पण तीच पद्धत.

ऑफिसात कोणाला सांगावं असं कोणी नव्हतं. संध्याकाळी घरी बाबांना सांगणार होतो, पण ते टीव्हीसमोर असे बसले होते की मधात बोलायची सोय नव्हती. ते पंधरा दिवस आमच्या घरी एशियाडशिवाय दुसरं काही चाललंच नाही. भारताची १०७ मेडलं आणि त्यातली तीन गोल्ड आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेची, तिरंदाजीत, एकट्याचं एक, पुरुष टीमचं एक, ज्योती सुरेखासोबत मिक्स्डचं एक. त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनला पोट्टा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा फायनलला १५० पैकी १५० मारले होते. बाबा पूर्ण गल्लीला सांगत फिरत होते, जसं काही बाण त्यांनीच उचलून दिले.

आता इथं माझी एक गंमत आहे. बाबांचा व्हिडिओ गेमवर कायमचा आक्षेप होता, बसून खेळतात त्याला खेळ म्हणत नाही, घाम कुठं आहे. तेव्हा मी त्यांना ओजसचं धनुष्य नीट पाहायला लावलं. कंपाउंड धनुष्य म्हणतात त्याला, दोन टोकांना चाकं असतात, दोरी पूर्ण ओढली की बराचसा भार ती चाकंच घेतात, नेमाला भिंग असतं आणि दोरी सोडायला बोटांऐवजी खटका. अर्धी मशीनच आहे. ऑलिंपिकनं कितीतरी वर्षं या धनुष्याला दारात उभं केलं नाही, आता कुठं २०२८च्या लॉस एंजेलिसला मिक्स्ड टीमपुरतं घेणार आहेत. माणूस तर एका जागी उभा असतो. बाबा म्हणाले, "पण ५० मीटरवर हात हलला नाही पाहिजे, त्याला काही लागत नाही का?" मी म्हटलं तेच म्हणून राहिलो न मी. घामाचं तर सोडाच, घाम हाच निकष असला तर मे महिन्यात वाळ्याचे ताटवे बदलून देणारा आमचा कूलरवाला ऑलिंपियन व्हायला पाहिजे.

पण बाबांना खरं कुठं दुखते ते मला माहीत आहे. ते अमरावतीचे. कबड्डी खेळायचे, कोपऱ्यात, उजव्या, गुडघा गेला तोपर्यंत. आणि अमरावतीच्या माणसाला कबड्डीवर बोलतं केलं की तो हमखास १९३६वर येतोच. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिकडं गेलं होतं, आपले देशी खेळ दाखवायला, त्यात कबड्डी होती. ज्या जमान्यात अमरावतीवरून नागपूरला येणं म्हणजे प्रवास होता त्या जमान्यात ही माणसं बोटीनं जर्मनीला जाऊन हुतूतू दाखवून आली. गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, छान आहे म्हटलं असेल. मग पुढं काय? १९८२ला दिल्लीच्या एशियाडमध्ये परत प्रात्यक्षिकच. मेडलचा खेळ झाली ती १९९०ला बीजिंगला. १९३६ ते १९९०, चोपन्न वर्षं फक्त दाखवण्यात गेली. बीजिंगला गोल्ड आलं त्या दिवशी बाबांनी क्वार्टरच्या तिन्ही बिल्डिंगीत संत्रा बर्फी वाटली होती, आणि ऑलिंपिक तर आजपर्यंत नाही.

आणि व्हिडिओ गेमचं पाहा. २०१८ला जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रात्यक्षिक, सहा गेम, भुजच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं पण ते टॅलीत धरलं नाही. आणि पुढच्याच एशियाडला व्हिडिओ गेमसाठी सात गोल्ड मेडलं ठेवली. एका एशियाडचं अंतर, बस. आपल्याकडं पण २०२२च्या डिसेंबरात सरकारनं कागदोपत्री ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडं दिलं. कोरियात तर लीग ऑफ लेजंड्सचं गोल्ड आणलेल्या टीमला, त्यात तो फेकर म्हणून त्यांचा सचिन आहे, सक्तीच्या लष्करी नोकरीतून सूट मिळाली. चोपन्न वर्षं रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पुढून कोणी पाच वर्षात आत जाऊन बसला तर राग येणारच न. मी बाबांच्या जागी असतो तर मला जास्त आला असता.

हां, तर ती दुपार. कूलर मोबाइलकडे वळला. पोरगा हेडफोन लावून बसला, बाकीची तीन पोट्टी आपापल्या घरी, एक त्रिमूर्ती नगरला, एक कामठीला, तिसऱ्याचं मला माहीत नाही. हा त्यांचा आयजीएल आहे, म्हणजे कॅप्टन समजा, कोणत्या वेळी कुठं सरकायचं, कोणाशी भिडायचं, कोणाला जाऊ द्यायचं ते हा सांगतो. बाबा दिवाणावरून पाहत होते. बराच वेळ त्यांना वाटत होतं की पोट्टा झोपला, कारण तो डोळे अर्धे मिटून, मान वाकडी करून नुसता बसला होता, स्क्रीनवर एक भिंत आणि काही नाही.

"काय करून राह्यला हा?"

मी म्हटलं, ऐकून राहिला. यात पायांचे आवाज येतात, डावीकडून की उजवीकडून, वरच्या माळ्यावर की खाली, लाकडावर की गवतावर, त्यावरून माणूस कुठं आहे ते समजते.

बाबा एकदम उठून बसले. आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याचे पाय पाहतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण पायांवर फसायला होते, पाय खोटं बोलतात. खरं काय ते दम सांगतो. कबड्डी कबड्डी कबड्डी हे जे चाललेलं असते त्याचा सूर, तो कुठं तुटायला आला, 'ड्डी' कधी बारीक होते, माणूस आता परत फिरणार की अजून एक पाऊल आत घालणार, ते आवाजात आधी येते आणि पायात मागून. "आमच्या सरांनी आम्हाला डोळे बांधून उभं केलं होतं," बाबा म्हणाले, "चढाईवाला फिरणार त्या वेळी हात वर करायचा. पंधरा दिवस नुसतं तेच."

तेवढ्यात पोरानं मोबाइलमध्ये काहीतरी पुटपुटलं, थांब, थांब, आता, आणि भिंतीच्या कोपऱ्यातून फिरला, दोन जण पडले. बाबांनी मांडीवर थाप मारली. "पकड!" असं ओरडले ते, चांगलं मोठ्यानं, आई आतून धावत आली.

सेमी हरले ते. झोन, म्हणजे जिवंत राहायचा सुरक्षित गोल, लांब पडला, उघड्यावरून पळावं लागलं, आणि शेवटी कामठीवाल्याचं नेट गेलं. पोरगा हेडफोन काढून दहा मिनिटं कोणाशी बोलला नाही. मग बाबांनी त्याला विचारलं, आणि हा प्रश्न मला तोपर्यंत कधी सुचला नव्हता, "हा खेळ कोणाचा आहे बे?"

"म्हणजे, आबा?"

"म्हणजे मालक कोण याचा?"

पोरानं कोरियन कंपनीचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, मग उद्या त्यानं नाही म्हटलं तर? आणि पोरगा गप्प झाला, कारण त्याला उत्तर माहीत होतं, त्यानं भोगलेलं आहे. २०२०च्या सप्टेंबरात पब्जीवर सरकारची बंदी आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि अक्षरशः जेवला नव्हता. २०२१च्या जुलैत बीजीएमआय नाव घेऊन परत आला, २०२२च्या जुलैत स्टोअरवरून परत गायब, २०२३च्या मेमध्ये परत हजर. त्या हर्थस्टोनचं तर अजून भारी. एशियाडमध्ये ठरलेला गेम होता, पण कंपनीचा चीनमधल्या पार्टनरसोबतचा करार २०२३च्या जानेवारीत संपला, चीनमध्ये सर्व्हर बंद, आणि गेम एशियाडमधूनच काढून टाकला. ज्या एशियाडला मेडल खरंच मोजलं जाणार होतं त्याला तीर्थ मेहताचा खेळच नव्हता. तो फॉर्ममध्ये होता की नव्हता, तयारी होती की नव्हती, काही प्रश्नच नाही. विचार करा, ओजस मैदानात पोचला आणि त्याला सांगितलं की धनुष्य बनवणाऱ्याचं आणि मैदानवाल्याचं पटत नाही, तेव्हा तिरंदाजी रद्द.

कबड्डीला चोपन्न वर्षं लागली हे खरं आहे पण त्या चोपन्न वर्षात कबड्डी कोणाला बंद करता आली नाही. चुन्याची रेघ मारली की झालं. घाम, बसणं, डोळे खराब होणं या गोष्टींवर आपल्याकडं लोक तासन्‌तास वाद घालतात, मीही घातले, पण त्या दुपारनंतर मला ते वाद थोडे पोकळ वाटायला लागले. बसून खेळायचा खेळ चांगला की वाईट हे तर आपल्या शहरात तरी कधीच ठरलं आहे. २०२५च्या जुलैमध्ये दिव्या देशमुखनं जॉर्जियात कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप आणला, १९व्या वर्षी, त्याच दमात ग्रँडमास्टर झाली, तेव्हा एअरपोर्टवर ढोलताशे होते, कोणी विचारलं का, पोरीला घाम आला होता का? आणि त्याच महिन्याच्या शेवटी रियाधमध्ये ई-स्पोर्ट्सच्या वर्ल्ड कपात बुद्धिबळसुद्धा होतं, हेडफोन लावून, स्क्रीनवर, कार्लसन जिंकला. म्हणजे आता कोण कोणाच्या घरात पाहुणा आहे हेच समजेनासं झालं. पण बुद्धिबळाचाही मालक नाही. रियाधवाल्यांनी उद्या टेबल उचललं तरी आपल्या महाल भागातल्या कोण्या ओट्यावर पट मांडता येते.

आणि टेबल उचलतात ते लोक. २०२४ला ऑलिंपिक कमिटीनं मोठ्या थाटात सांगितलं की ई-स्पोर्ट्सचं वेगळं ऑलिंपिक होणार, सौदीसोबत बारा वर्षांचा करार, पहिलं २०२५ला, मग ते ढकलून रियाधला, २०२७ला. २०२५च्या ऑक्टोबरात दोघांनी हात काढून घेतले. ज्या पोट्ट्यांनी त्यावर बोर्डाच्या परीक्षा सोडल्या असतील त्यांचं काय झालं ते कोणी छापत नाही. शिवाय आत घेतलं तरी कापून-छाटूनच घेतात. हांगझोऊला पब्जी होता, पण एशियाडसाठी वेगळा बनवलेला, त्यात खेळाडूंनी एकमेकांना गोळी मारायचीच नाही, धावायचं, गाडी चालवायची आणि टार्गेट फोडायचे. पोरगा म्हणते, "पप्पा, तो आपला गेमच नाही न मग." बाबांचं यावर मत असं की हुतूतूचेपण नियम बदललेच होते, आमच्या म्हाताऱ्यांना ते पटलं नव्हतं. आणि नियमावरून तर हांगझोऊच्या कबड्डी फायनलमध्ये भारत-इराण सामना तासभर अडून बसला होता, जुना नियम की नवा, शेवटी ३३-२९ नं आपण जिंकलो, पण बाबांचं बीपी वाढवून.

पैशाच्या बाबतीत मात्र आजोबा-नातवाचं एकदम जमते. मागच्या वर्षी पोरांनी एक लोकल टुर्नामेंट जिंकली, आठ हजारांचं बक्षीस होतं, आयोजक 'आज टाकतो, उद्या टाकतो' म्हणत राहिला आणि एका रात्री ग्रुप डिलीट करून गेला. मी म्हटलं पोलिसात जाऊ. बाबा हसत होते. म्हणाले आम्हाला तर एका गावात फायनल जिंकल्यावर एक नारळ दिला होता सात जणांत, आणि तोही सडका निघाला.

त्या सेमीच्या रात्री लाइट गेली, मे महिन्यात जाते तशी, बरोबर जेवणाच्या वेळी. आम्ही गॅलरीत बसलो. तेव्हा मी बाबांना शेवटी ती किमची गोष्ट सांगितली, जवळजवळ दोन वर्षं पोटात ठेवलेली. ४४व्या वर्षी गोल्ड, पार्लर, ओढून नेणं. गोष्ट सांगतानाच मला वाटलं की हे टोमणा मारल्यासारखं होऊन राहिलं, पण निम्म्यात कसं थांबणार.

बाबा पुठ्ठ्यानं वारा घेत होते. थोडा वेळ नुसता पुठ्ठ्याचा आवाज.

"तुला जोरात लागलं होतं का बे तेव्हा?"

"लागलं तर होतं. आवाज जास्त आला."

"मी ट्यूशनवाल्याकडूनच सरळ तिथं आलो होतो. डोकं तापलेलंच होतं." मग पुठ्ठा थांबला. "पण तू खेळून राहिला होता. चालू डावात कसं उठवायचं? मागं उभा राहिलो मी, संपेपर्यंत."

एकतीस वर्षं मला वाटत होतं की ते आले आणि आल्या आल्या मारलं.

"किती वेळ उभे होते?"

"असेल पाचेक मिनिटं. एक डाव तो जिंकला, एक तू. मला त्यातलं काही समजत नव्हतं, पण तो पोट्टा तुझ्यापेक्षा डबल होता एवढं दिसत होतं." पुठ्ठा परत सुरू झाला. "शेवटचा तू जिंकला होता न?"

आतून पोरगा ओरडला, पप्पा, लाइटचं काही समजलं का, मोबाइल चार टक्क्यांवर आहे.

"हो," मी बाबांना म्हटलं, "जिंकलो होतो."